श्री. दुसरे डिफॉल्ट गेटवे यांस खुले पत्र

श्री. दुसरे डिफॉल्ट गेटवे,
मु. पो. लॅन कार्ड क्रमांक २, फाइल सर्व्हर,
छत्रपती संभाजीनगर.

स. न. वि. वि.

आपण खुशाल असालच. नसायला काय झालं? राहायला दहा गिगाबिटचं कोरं करकरीत कार्ड, चोवीस तास एसी, दिमतीला यूपीएस, आणि काम म्हणाल तर दिवसाकाठी चार-दोन एआरपीच्या हाका. अजिंठा-वेरूळच्या कृपेनं आमच्या जिल्ह्यात सरकारी पाहुण्यांचा तुटवडा कधी नसतो. पण इतकी बडदास्त आम्ही त्यांचीही ठेवलेली नाही.

पत्र खुलं लिहितो आहे, कारण बंद पाकिटातलं पत्र आपल्याकडे दिलं तर ते पुढं जाईल याचा भरवसा नाही. आपल्याकडे आलेलं काहीच पुढं जात नाही, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात पाहिलं.

वाचकांना आधी आपली ओळख करून द्यायला हवी. आमच्याकडे अजिंठ्याच्या लेण्यांची छायाचित्रं आहेत, जुन्या ग्रंथांतल्या चित्रपानांचे स्कॅन आहेत, लेणापूर-फर्दापूरकडच्या घरांतून मिळालेले जुने फोटो आहेत. सगळं मिळून दहा टेराबाइटच्या घरात जातं आणि ते एका सर्व्हरवर नांदतं. आमची मंडळी आठवडाभर सिल्लोड, गोळेगाव करत, जळगाव रस्ता आज कुठं उखडलाय याचा अदमास घेत लेण्यांकडे जातात. सोमवारी लेणी बंद असतात. म्हणजे सोमवारी सगळी फौज ऑफिसात, आणि आठवडाभर काढलेलं सगळं त्या दिवशी एकदम स्क्रीनवर. हा सोमवार ध्यानात ठेवावा, पुढं कामाला येईल.

सर्व्हरला दोन कार्डं आहेत. पहिलं एक गिगाबिटचं, ऑफिसच्या नेटवर्कचं. फायली उघडायच्या, ठेवायच्या त्या त्याच्यातून. दुसरं दहा गिगाबिटचं, खास बॅकअपसाठी. त्याची केबल स्वतंत्र, स्विच स्वतंत्र, आणि आवारातल्या दुसऱ्या इमारतीत ठेवलेल्या बॅकअपच्या यंत्रापर्यंत फायबरसुद्धा स्वतंत्र. बॅकअप दुसऱ्या इमारतीत का, तर एका इमारतीला आग लागली तर मूळ आणि नक्कल दोन्ही एकदम जाऊ नयेत. अजिंठ्याशी संबंध असलेल्या माणसाला ही भीती शिकवावी लागत नाही.

तर एवढा खर्च करून हा वेगळा रस्ता बांधला. उद्घाटन झालं. पेढे वाटले. आणि त्या रस्त्यावरून आजतागायत एक बाइटही बॅकअप गेला नाही. याचं संपूर्ण श्रेय, गेटवेसाहेब, आपलं.

आपला जन्म कसा झाला तेही लोकांना कळू द्या. कार्डाला पत्ता देताना खिडकीत तीन रकाने येतात: आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे. पहिले दोन भरून झाले की तिसरा रिकामा दिसतो. आता आपण सगळे अर्ज भरून भरून मोठे झालेलो. रिकामा रकाना म्हणजे अर्ज परत. कार्ड बसवायला आलेल्या गृहस्थांच्याही जिवाला तो रकाना लागला आणि त्यांनी त्यात १०.२०.३०.१ असा आकडा टाकून दिला. त्यांचा विचार अगदीच वावगा नव्हता. बॅकअपचं यंत्र १०.२०.४० च्या वस्तीत, सर्व्हरचं दुसरं कार्ड १०.२०.३० च्या वस्तीत, मधे राउटर, मग त्या राउटरचा पत्ता कुठंतरी सांगायलाच हवा. फक्त कुठं सांगायचा, एवढाच प्रश्न होता. आणि विंडोजनं त्यांना अडवलंही. बाबा रे, एकापेक्षा जास्त डिफॉल्ट गेटवे हे एकाच नेटवर्कला पर्यायी वाट म्हणून असतात, वेगवेगळ्या दोन नेटवर्कांवर ते नीट चालायचे नाहीत, तरी ठेवायचे का, अशा अर्थाची पाटी विंडोज स्वतःहून दाखवतं. गृहस्थांनी पाटी वाचली की नाही देव जाणे. 'येस' मात्र दाबलं. त्या 'येस'चे आपण चिरंजीव.

पहिल्या आठवड्यातली आपली कामगिरी इथं नोंदवतो. ज्या पत्त्याचा रस्ता ठाऊक नाही तो माल डिफॉल्ट गेटवेकडे सोपवायचा, असा यंत्राचा साधा नियम आहे. दावेदार दोन झाले की ज्याचं मेट्रिक कमी त्याला मान. हे मेट्रिक विंडोज कार्डाच्या वेगावरून आपसूक ठरवतं: एक गिगाबिटच्या कार्डाला २५, दहा गिगाबिटच्याला १५. म्हणजे आपण येताक्षणी थोरले झालात. सर्व्हरवरून बाहेर जाणारं झाडून सगळं, मग ते अँटिव्हायरसचं अपडेट असो, मेल असो की घड्याळ जुळवणं असो, आपल्या दारी येऊ लागलं. आणि आपलं दार उघडतं बॅकअपच्या नेटवर्कात, जिथून इंटरनेटला वाटच नाही. आपण सगळं गोड बोलून ठेवून घेतलंत. नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत. असा स्वभाव माणसात असता तर आपण फार वर चढला असता.

पहिला पूर्ण बॅकअप सुटायच्या आधीच, इंटरनेट बंद म्हटल्यावर आरडाओरडा झाला. ते गृहस्थ पुन्हा आले. आता खरं तर आपल्याला काढून टाकायला हवं होतं. पण केलेली नेमणूक मागे घेणं म्हणजे चूक कबूल करणं. त्यापेक्षा पहिल्या कार्डाचं मेट्रिक हातानं १ करणं सोपं. तसं केलं. इंटरनेट सुरू झालं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आपल्याला कोणी काढलं नाही, फक्त बाजूला बसवलं. पद कायम, खुर्ची कायम.

आणि खरी गंमत इथून पुढं.

बॅकअपचं यंत्र १०.२०.४० मध्ये. सर्व्हरला तिकडचा असा खास रस्ता कोणी सांगितलेलाच नाही; सांगायची जागा आपण अडवलेली. मग तो माल कुठं जाणार? डिफॉल्टकडे. डिफॉल्ट दोन. मेट्रिक १ कोणाचं? पहिल्याचं. झालं. दहा टेराबाइटचा बोजा ऑफिसच्या दारातून, ऑफिसच्या स्विचवरून, ऑफिसच्या राउटरकडे. आता त्या राउटरनं तरी 'ही वस्ती मला माहीत नाही' म्हणून माल परत पाठवावा ना? तर नाही. बॅकअपच्या खोलीत एक सीसीटीव्ही आहे आणि त्याचं रेकॉर्डिंग टेबलावर बसून बघता यावं म्हणून कोणीतरी कधीतरी तो रस्ता जोडून ठेवला होता. त्यामुळं माल लांबून, गर्दीतून, धक्के खात का होईना, मुक्कामी पोहोचला. बॅकअपच्या प्रोग्रामनं हिरवी खूण केली. 'सक्सेसफुल.' माल पोहोचला की नाही एवढंच तो बघतो. कोणत्या रस्त्यानं आला हे त्याला कोणी विचारलेलं नाही.

थोडा हिशेब मांडतो. आपल्याला हिशेबाशी कर्तव्य नाही, वाचकांना असेल. एक गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट. प्रत्यक्षात ११०च्या आसपास पदरात पडतात. रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत त्या वेगानं जेमतेम तीन टेराबाइट जातात. दहा टेराबाइटला लागतात पंचवीस तास. आमचा पूर्ण बॅकअप रविवारी रात्री दहाला सुटतो, म्हणजे तो संपणार सोमवारी रात्री अकराला. दहा गिगाबिटच्या रस्त्यानं गेला असता, आणि दोन्हीकडच्या डिस्कनी साथ दिली असती, तर पहाटेच्या आत सगळं आवरलं असतं.

सोमवार ध्यानात ठेवा म्हणालो होतो तो याचसाठी. सगळी फौज ऑफिसात, आणि सर्व्हरच्या पहिल्या कार्डातून बाहेर पडणारी प्रत्येक जागा बॅकअपनं व्यापलेली. फाइल उघडायची म्हणजे सर्व्हरनं ती बाहेर पाठवायची. बॅकअप म्हणजेही सर्व्हरनं बाहेर पाठवायचं. दोघांची दिशा एक, दार एक. लेणं क्रमांक १ मधल्या पद्मपाणीची मोठी फाइल एका मुलीनं सकाळी उघडायला घेतली. बऱ्याच वेळानं तिच्या टेबलावरून आवाज आला, "सर, मुकुट आला, डोळे आले. कमळ अजून यायचंय." शेजारचा म्हणाला, "तू निदान मुकुट तरी पाहिलास." जेवणाच्या सुट्टीपर्यंत कमळ आलं. मग तिनं सतराव्या लेण्याच्या छताला हात घातला आणि पर्स उचलून चहाला निघून गेली.

सर्व्हरच्या मागं जाऊन पाहिलं तेव्हा दोन्ही कार्डांचे दिवे शेजारी शेजारी दिसले. पहिल्याचा इतका भराभर लुकलुकत होता की तो सतत पेटलेला आहे असंच वाटावं. आपला मात्र शांत. मधेच एकदा टिचकी. केबलवरचं 'बॅकअप १० जी' हे लेबल अजून नवं होतं. कडासुद्धा सुटलेल्या नव्हत्या.

आपण म्हणाल, नक्कल काढायची तर मुळाला थोडा त्रास व्हायचाच, त्याचा एवढा काय गहजब? साहेब, हे वाक्य आमच्या भागात फार जुनं आहे. १८४४ साली मेजर रॉबर्ट गिल यांना ईस्ट इंडिया कंपनीनं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला नेमलं. अजिंठा गावच्या बारादरीत त्यांचा मुक्काम. ना. धों. महानोरांच्या दीर्घ कवितेमुळं आणि नितीन देसाईंच्या २०१२ च्या चित्रपटामुळं गिल आणि पारो यांची प्रेमकहाणी घराघरांत पोचली, पण गिल यांची कॅनव्हास कुठं गेली हे फारसं कोणी विचारत नाही. गिल यांच्यानंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि मधे खंड पाडत १८८५ पर्यंत काम केलं. नकला उत्तम काढल्या. पण अंधारात, धुरकटलेल्या भिंतीवरचे रंग नीट उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फासलं गेलं. तेव्हा रंग उजळले. पुढं ते व्हार्निश पिवळं पडलं, काळवंडलं, आणि पुढच्या पिढ्यांना ते काढत बसावं लागलं. नक्कल चांगली यावी म्हणून मुळालाच लेप! आमच्या सोमवारात आणि त्या व्हार्निशात फरक इतकाच की आमचा सोमवार रात्री अकराला संपतो.

आणि त्या नकलांचं तरी काय झालं? गिल यांनी अठरा-वीस वर्षं खपून काढलेली मोठमोठी चित्रं लंडनला गेली, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली गेली, आणि ३० डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळी जळाली. मोजकीच उरली. तो गृहस्थ पुन्हा ब्रश घेऊन कामाला लागला, आणि १८७९ मध्ये वारला. भुसावळला त्याची कबर आहे. बरं, एकदा हात पोळल्यावर तरी? ग्रिफिथ्स यांच्या नकला कुठं पाठवल्या, तर लंडनलाच, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात. १८८५ मध्ये तिथं आग लागली. शंभरावर चित्रं गेली. पुढं १९१७-१८ च्या सुमाराला जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी अजिंठ्यात बसून नकला काढल्या आणि त्या टोकियोला नेल्या. १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगींत त्या नष्ट झाल्या. अजिंठ्याशी ज्यांची तुलना होते त्या जपानातल्या होर्युजी मंदिरातली भित्तिचित्रं तर १९४९ च्या जानेवारीत आगीत सापडली, तीही त्यांच्या नकला काढण्याचं काम तिथं सुरू असतानाच्या काळात.

गिल यांचं काही टिकलं का? टिकलं. त्यांनी कॅमेराही उचलला होता. त्यांची त्रिमितीदर्शक छायाचित्रं जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ मध्ये पुस्तकरूपानं छापली गेली, अनेक हातांत पोचली, आणि क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीचा त्या प्रतींना काही फरक पडला नाही. माध्यम वेगळं, ठिकाणं वेगळी. आज बॅकअपवाले '३-२-१'चा जो मंत्र जपतात (तीन प्रती, दोन माध्यमं, एक प्रत दुसरीकडे) तो लोकांच्या तोंडी रुळवणारा माणूसही छायाचित्रकारच, पीटर क्रोग. संगणकवाल्यांना हे कुठं ठाऊक असतं? त्यांना वाटतं हे आपल्याच लोकांनी शोधून काढलं.

नकलांची दशा आमच्या दारातही काही बरी नाही. फर्दापूरजवळ अजिंठा अभ्यागत केंद्र बांधलं गेलं. लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या हुबेहूब प्रतिकृती तिथं उभ्या केल्या. मूळ लेण्यांत माणसांची गर्दी झाली की उच्छ्वासाची आर्द्रता आणि उष्णता चित्रांना बाधते, तेव्हा काही भार प्रतिकृतींनी उचलावा, हा विचार रास्तच. पुढं वीज-पाण्याची बिलं थकली आणि केंद्राला कुलूप लागलं. कोट्यवधींची वेगळी सोय बांधायची, आणि वाहतूक मात्र जुन्याच रस्त्यानं. आपले नातेवाईक कुठंकुठं नोकरीला आहेत, साहेब!

आता आपल्या अपराधाचं शास्त्र. आपण स्वतःला रस्ता समजता. आपण रस्ता नाही. डिफॉल्ट गेटवे म्हणजे 'मला काही कळत नाही, तुम्ही बघा' अशी शरणागती. आणि शरणागती एकाकडेच पत्करायची असते. संगणक रस्ता निवडतो तो माल कुठं जायचा यावरून, कोणत्या कामाचा आहे यावरून नव्हे. हा बॅकअप आहे, हा मेल आहे, हे त्याच्या गावीही नसतं. तो फक्त पत्ता बघतो आणि आपल्याजवळच्या रस्त्यांच्या तक्त्यातली त्या पत्त्याशी सर्वांत नेमकी जुळणारी ओळ शोधतो. '१०.२०.४० च्या वस्तीला जायचं असेल तर १०.२०.३०.१ मार्गे' अशी एक ओळ तक्त्यात असती, तर ती डिफॉल्टपेक्षा नेमकी, म्हणून तिचाच मान. मग मेट्रिक १ असो की ९९९९. फर्दापूरच्या टी-पॉइंटवर हेच तर चालतं. जळगावला जाणारा सरळ जातो, त्याला कोणी अडवत नाही. लेण्यांना जाणाऱ्यानं मात्र गाडी तिथंच लावायची आणि बसनं पुढचे ४ किलोमीटर जायचं. वाघूरच्या घळीत धूर नको म्हणून केलेली ही व्यवस्था एका पाटीवर आणि एका फाट्यावर चालते. त्यासाठी तिथं कोणी दुसरा जळगाव हायवे बांधला नाही.

आपले साथीदारही मोकळे सोडायचे नाहीत. पहिला साथीदार डीएनएस. दुसऱ्या कार्डाच्या सेटिंगमध्ये 'या जोडणीचा पत्ता डीएनएसमध्ये नोंदवा' ही खूण राहून गेलेली. त्यामुळं सर्व्हरच्या एकाच नावापुढं दोन पत्ते लागले. ऑफिसातला संगणक नाव विचारणार, कधी १९२.१६८चा पत्ता मिळणार, कधी १०.२०.३०चा, दुसरा मिळाला की फोल्डर उघडेना. लोक यंत्र बंद करून चालू करत आणि दैवानं पहिला पत्ता मिळाला की म्हणत, "रीस्टार्टनं होतं सगळं." असेच समज दृढ होत जातात. दुसरा साथीदार बॅकअपचा प्रोग्राम. व्हीममध्ये अमुक नेटवर्काला प्राधान्य द्या असं सांगायची जागा आहे, नेटबॅकअपमध्ये आहे, तशी ती इतरांतही असते. ती जागा कोरी. तिथं भरायला कोणाला सुचलं नाही. नको त्या रकान्यात मात्र आपण.

लिनक्सकडच्या आपल्या भाऊबंदांचीही कीर्ती ऐकून आहे. तिथं एका कार्डाच्या पत्त्याला हाक मारली तर दुसरंच कार्ड 'ओ' देतं, असा मूळचा उदार स्वभाव. आत आलेला माल एका दारानं, उत्तर दुसऱ्या दारानं. मग मधला फायरवॉल म्हणतो, या संभाषणाची सुरुवात मी पाहिलेलीच नाही, आणि सगळं केरात. रिव्हर्स पाथ फिल्टर कडक ठेवला असेल तर यंत्र स्वतःच आलेला माल दारातून परतवतं, आणि लॉगमध्ये त्याचा उच्चारही नसतो. तिथं उपाय म्हणजे पत्त्यागणिक वेगळा रस्त्यांचा तक्ता आणि तो केव्हा बघायचा याचा नियम. काही नवं नाही यात. एका यंत्राला अनेक कार्डं असली की काय काय गोंधळ होतात याची चर्चा १९८९ सालच्या आरएफसी ११२२ मध्ये सविस्तर आहे. तेव्हा दहा गिगाबिट कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि सीसीटीव्हीसाठी उघडलेल्या त्या वाटेबद्दल तर मला रात्रीची झोप नाही. बॅकअप त्या वाटेनं जाऊ शकतो, म्हणजे ऑफिसातल्या कोणत्याही संगणकात शिरलेला रॅन्समवेअरही त्याच वाटेनं बॅकअपपर्यंत जाऊ शकतो. वेगळं नेटवर्क निव्वळ वेगासाठी नसतं. नाशिकचे प्रसाद पवार वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांची छायाचित्रं घेऊन त्यांचं डिजिटल पुनरुज्जीवन करत आले. त्या प्रतिमा नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जुन्या कोळसा खाणीत, आर्क्टिक वर्ल्ड आर्काइव्हमध्ये फिल्मवर जपून ठेवल्या गेल्या आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या त्या संग्रहाची मला सर्वांत आवडणारी गोष्ट सांगू? त्या फिल्मला लॅन कार्ड नाही. तिथं आपली नेमणूक कोणी करूच शकत नाही.

असो. आता आदेश ऐका.

येत्या रविवारी रात्री दहाच्या आत आपल्याला लॅन कार्ड क्रमांक २ वरून कार्यमुक्त करण्यात येत आहे. निरोप समारंभ नाही. आपल्या जागी १०.२०.४० साठी एक कायमस्वरूपी रूट टाकला जाईल. 'कायमस्वरूपी' हा शब्द महत्त्वाचा, कारण मागं एकदा दुसऱ्याच एका सर्व्हरवर कोणीतरी तो न लिहिता रूट टाकला होता, वीज गेली, सर्व्हर उठला आणि रूट विसरून गेला. पहिल्या कार्डाचं हातानं केलेलं १ पुन्हा आपसूकवर जाईल. डीएनएसची खूण निघेल. बॅकअपच्या यंत्राचं नाव होस्ट्स फाइलमध्ये वेगळं लिहिलं जाईल. सीसीटीव्हीची वाट बंद होईल. ज्यांना रेकॉर्डिंग बघायचं असेल त्यांनी आवार ओलांडून जावं, तेवढंच चालणं होईल.

मग खात्री. हिरव्या खुणेवर आमचा विश्वास उरलेला नाही. ट्रेसरूट लावून पहिला टप्पा १०.२०.३०.१ दिसतो का ते बघू. बॅकअप सुरू करून दोन्ही कार्डांचे आलेख शेजारी शेजारी ठेवू. जंबो फ्रेमचंही तपासू, कारण दोन्ही टोकांना नऊ हजारांची एमटीयू आणि मधल्या एखाद्या स्विचवर पंधराशे, असं असलं की छोटं पिंग झकास जातं आणि मोठी फाइल पाच-दहा टक्क्यांवर जाऊन बसते. न तोडता ८९७२ बाइटचं पिंग गेलं तरच मानायचं. आणि शेवटी एक फोल्डर परत आणून, उघडून बघू. कमळासकट.

आपल्याला पुन्हा कुठं नोकरी लागायची चिंता नसावी. संभाजीनगरात चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत कारखाने आहेत, दवाखाने आहेत, बँका आहेत. जिथं जिथं सर्व्हरला दुसरं कार्ड बसतंय तिथं तिथं तो तिसरा रकाना आहे, आणि तो रिकामा न बघवणारी माणसंही आहेत. शिफारसपत्र मात्र आमच्याकडून मिळणार नाही.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.

आपला,
पहिल्या कार्डावर सोमवार काढणारा एक

ता. क. : आपल्या जागी दुसऱ्या कोणाचीही नेमणूक होणार नाही. कार्डाच्या शेजारी एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'या कार्डास गेटवे नाही. रकाना रिकामा दिसला तरी भरू नये. हुकुमावरून.'